पालिकिरच्या उतारावरील काळ्या रेषा : कक्षेतून भूरूप वाचण्याचे एक प्रकरण

मंगळाच्या दक्षिण गोलार्धात, सुमारे ४२ अंश अक्षांशावर, न्यूटन नावाचे जवळपास ३०० किलोमीटर व्यासाचे एक प्राचीन विवर आहे आणि त्याच्या आत पालिकिर हे दुसरे, बरेच लहान विवर आहे. दक्षिणेकडचा वसंत ऋतू सरत आला की पालिकिरच्या कड्यांखालच्या उतारांवर अर्धा ते पाच मीटर रुंदीच्या काळपट रेषा उमटू लागतात. उघड्या खडकांच्या पायापासून त्या सुरू होतात, उन्हाळाभर हळूहळू खाली लांबत जातात, काही रेषा शेकडो मीटरपर्यंत पोचतात आणि थंडी पडू लागली की फिकट होत दिसेनाशा होतात. पुढच्या मंगळवर्षी, म्हणजे आपल्या ६८७ दिवसांनी, त्याच उतारावर, पुष्कळदा अगदी त्याच जागी त्या पुन्हा दिसतात. अशा रेषा मंगळावर इतरत्रही सापडल्या आहेत आणि संशोधकांनी त्यांना उतारावरच्या आवर्ती रेषा असे नाव दिले आहे. या लेखात त्यांना नुसते ‘रेषा’ म्हटले आहे.

भूरूपशास्त्राच्या अभ्यासकांसाठी हे प्रकरण मोलाचे आहे, कारण कक्षेतून पाहिलेल्या एका भूरूपाचा अर्थ अवघ्या सहा वर्षांत वाहत्या खाऱ्या पाण्यापासून कोरड्या, घसरणाऱ्या वाळूपर्यंत बदलला आणि त्यासाठी नवे यान पाठवावे लागले नाही. बदल घडला तो मुख्यतः त्याच यानाच्या, त्याच कॅमेऱ्याच्या प्रतिमा वेगळ्या रीतीने वाचल्यामुळे. सुरुवातीची वर्षे या रेषांबद्दल विचारला जाणारा मुख्य प्रश्न ‘त्या केव्हा येतात’ हा होता. ‘त्या कुठे थांबतात’ हा प्रश्न विचारला गेल्यावर प्रकरणाला कलाटणी मिळाली. हाच मुद्दा येथे तपशिलाने मांडायचा आहे, कारण उताराचे कोणतेही भूरूप वरून वाचताना तो उपयोगी पडतो आणि तरीही सहज मागे राहतो.

साधन आणि त्याच्या मर्यादा

मार्स रिकॉनिसन्स ऑर्बिटर हे नासाचे यान ऑगस्ट २००५ मध्ये निघाले आणि मार्च २००६ मध्ये मंगळाच्या कक्षेत शिरले. त्यावरच्या हायराइज या कॅमेऱ्याच्या दुर्बिणीचा मुख्य आरसा अर्ध्या मीटर व्यासाचा आहे आणि सुमारे ३०० किलोमीटर उंचीवरून तो जमिनीवरचा २५ ते ३० सेंटिमीटरचा तुकडा एका पिक्सेलमध्ये टिपतो. म्हणजे साधारण एक मीटरची शिळा त्यात ओळखता येते. या क्षमतेची किंमत अशी की एका प्रतिमेची पट्टी जेमतेम सहा किलोमीटर रुंद असते आणि संपूर्ण ग्रहाचा अगदी थोडा भागच तिच्यात येतो. त्यामुळे ऋतूगणिक बदलणारी गोष्ट पाहायची असेल, तर जागा आधी निवडावी लागते आणि तिच्यावर पुन्हापुन्हा यावे लागते.

प्रमाणाची ही बाब भारतीय वाचकाला मंगळयानाच्या उदाहरणाने लवकर कळेल. ५ नोव्हेंबर २०१३ रोजी निघालेले आणि २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळाच्या कक्षेत पोचलेले इस्रोचे हे यान अतिशय लंबवर्तुळाकार कक्षेत होते. त्याचा रंगीत कॅमेरा दूरच्या टोकावरून अख्खी तबकडी एका चित्रात पकडू शकत असे, पण सर्वांत जवळ येतानाही त्याचा एक पिक्सेल सुमारे वीस मीटरचा होता. पाच मीटरची रेषा त्याला दिसणे शक्यच नव्हते. एकाच ग्रहाभोवती फिरणारी दोन याने वेगवेगळ्या आकाराच्या गोष्टींबद्दल साक्ष देतात, आणि एखादे निरीक्षण कोणत्या आकाराबद्दल बोलते हे न विचारता त्यावर विश्वास ठेवणे धोक्याचे असते. या प्रकरणात तो धोका पुढे प्रत्यक्ष उभा राहिला.

आणखी एक मर्यादा कक्षेतच आहे. मार्स रिकॉनिसन्स ऑर्बिटरची कक्षा सूर्यसापेक्ष स्थिर आहे, म्हणून ते दिवसा कोणत्याही जागेवरून जाते तेव्हा तिथे दुपारचे साधारण तीन वाजलेले असतात. सकाळी त्या उतारावर काय असते, हे या यानाला कधीच दिसत नाही. पहाटे दव किंवा पातळ हिम साचून दुपारपर्यंत उडून जात असेल, तर तेही त्याच्या नजरेआड राहणार.

पहिले वाचन

२०१० मध्ये अ‍ॅरिझोना विद्यापीठात पदवीचे शिक्षण घेत असलेला, मूळचा नेपाळचा लुजेंद्र ओझा एकाच उताराच्या वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या प्रतिमा एकमेकींवर ठेवून बदल शोधत असताना या रेषा लक्षात आल्या. हायराइजचे प्रमुख संशोधक आल्फ्रेड मॅकइवेन यांच्या नेतृत्वाखालील गटाने ऑगस्ट २०११ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात त्यांचे पहिले सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. रेषा आजूबाजूच्या जमिनीपेक्षा ४० टक्क्यांपर्यंत काळ्या असतात, २५ ते ४० अंशांच्या तीव्र उतारांवर येतात, ३२ ते ४८ अंश दक्षिण अक्षांशांच्या पट्ट्यात विषुववृत्ताकडे तोंड असलेले उतार पसंत करतात आणि ऊन वाढेल तशा वाढतात, असे त्यात नोंदले होते.

या वर्णनानंतर पाण्याचा विचार मनात येणे स्वाभाविक होते, आणि त्या गटाने तो सावधपणे मांडला हे मान्य केले पाहिजे. मंगळावरचा सरासरी वायुदाब सुमारे सहा मिलिबार, म्हणजे पाण्याच्या त्रिबिंदूच्या (बर्फ, पाणी आणि वाफ ज्या दाबाला व तापमानाला एकत्र टिकतात त्याच्या) आसपास असतो. शुद्ध पाणी तिथे एक तर गोठते किंवा झपाट्याने उडून जाते. परंतु २००८ मध्ये फिनिक्स या यानाने उत्तर ध्रुवाजवळच्या मातीत परक्लोरेट हे क्षार शोधले होते, आणि परक्लोरेटच्या काही द्रावणांचा गोठणबिंदू उणे ७० अंश सेल्सिअसपर्यंत खाली जाऊ शकतो. रेषा दिसतात त्या वेळी उतारांचे तापमान उणे २३ अंशांच्या वर गेलेले असते. म्हणजे खारे पाणी काही काळ टिकण्याइतकी उष्णता तिथे होती.

पाण्याच्या बाजूचा सर्वांत वजनदार पुरावा रेषांच्या वाढीच्या रीतीत होता. कोरडी दरड कोसळते तेव्हा ती एका दमात खाली येते आणि तिचे काम संपते. या रेषा मात्र आठवड्यांमागून आठवडे थोड्याथोड्या पुढे सरकत होत्या. मुरत, झिरपत पुढे जाणाऱ्या द्रवाची चाल अशीच असते. शिवाय त्या दरवर्षी परत येत होत्या, आणि परत येण्यासाठी उतारावर काहीतरी पुन्हा भरले जायला हवे. द्रवाचा साठा दर उन्हाळ्यात पाझरतो असे मानले, की हे सारे एका सूत्रात बसत होते.

याला एक पूर्वपीठिकाही होती. २००० साली मायकेल मॅलिन आणि केनेथ एजेट यांनी मार्स ग्लोबल सर्व्हेयरच्या प्रतिमांवरून मंगळावरच्या विवरांच्या भिंतींत ताज्या दिसणाऱ्या घळी दाखवून दिल्या आणि त्या पाण्याने कोरल्या असाव्यात असे सुचवले. डिसेंबर २००६ मध्ये अशाच दोन घळींत काही वर्षांच्या अंतराने उमटलेले नवे, फिकट रंगाचे पट्टे प्रसिद्ध झाले, तेव्हाही ताज्या पाण्याची चर्चा झाली. पुढे गणिती प्रारूपांनी दाखवले की तो पट्टा कोरड्या घसरणीनेही तसाच बनू शकतो. नंतरच्या वर्षांत घळींतल्या आजच्या हालचाली मुख्यतः थंडीत, गोठलेल्या कार्बन डायॉक्साइडच्या थराबरोबर होतात असे आढळले. एवढा इतिहास समोर असतानाही उन्हाळ्यात येणाऱ्या रेषांनी पाण्याची आशा पुन्हा जागवली, कारण त्यांचा ऋतू घळींच्या ऋतूच्या नेमका उलट होता.

महाराष्ट्राशी या चर्चेचा एक खरा धागा आहे. बुलढाणा जिल्ह्यातले लोणार हे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे आघातविवर दख्खनच्या बेसाल्टमध्ये पडलेले आहे, आणि मंगळाचा पृष्ठभागही मोठ्या प्रमाणात बेसाल्टचाच असल्याने तुलनेसाठी जगभरचे अभ्यासक लोणारकडे वळतात. लोणारच्या भिंतीतल्या ओघळी मोसमी पावसाने आणि ईशान्येच्या बाजूच्या ‘धार’ या झऱ्यासारख्या झऱ्यांनी कोरल्या आहेत. तिथे रूप आणि कारण दोन्ही आपल्यापुढे असतात, पाऊस पडताना पाहता येतो, पाण्यात हात घालता येतो. मंगळावर हाती फक्त रूप असते. लोणारची ओघळ पाहून मंगळाच्या घळीचे कारण ठरवणे म्हणजे अर्धी साखळी उसनी घेणे होय, आणि पाण्याने घडलेल्या भूप्रदेशात वाढलेल्या प्रत्येक निरीक्षकाच्या हातून हे नकळत होते.

पाणी येणार कुठून

आक्षेप सुरुवातीपासून होतेच. त्यांतला सर्वांत साधा आक्षेप पुरवठ्याचा होता. २०१३ च्या अखेरीस विषुववृत्ताजवळच्या व्हॅलिस मरिनेरिस या प्रचंड घळईच्या भिंतींवरही रेषांची मोठी संख्या प्रसिद्ध झाली. विषुववृत्तावर उथळ जागी बर्फ टिकत नाही, म्हणून बर्फ वितळून पाणी येते हे स्पष्टीकरण तिथे लागू पडेना. त्याहून अडचणीची गोष्ट अशी की काही रेषा एकाकी सुळक्यांच्या आणि कडांच्या माथ्याजवळून निघत होत्या. भूजल डोंगराच्या पोटातून पायथ्याशी येते; सुट्या सुळक्याच्या शेंड्यावर ते दर उन्हाळ्यात चढण्याचा मार्ग दिसत नाही. हवेतली बाष्पे शोषून क्षार ओले होतात हा पर्याय उरला, पण मंगळाच्या हवेत बाष्प इतके विरळ आहे की शेकडो मीटर वाहण्याइतके पाणी त्यातून जमणे कठीण होते.

आक्षेप असे भक्कम असतानाही गृहीतक टिकून राहिले, कारण त्याला पर्याय देणाऱ्यांकडे रेषांच्या ऋतूचे उत्तर नव्हते.

२०१५ चा वर्णपट

२८ सप्टेंबर २०१५ रोजी नासाने पत्रकार परिषद घेऊन जाहीर केले की आजच्या मंगळावर द्रवरूप पाणी अधूनमधून वाहते याचा आजवरचा सर्वांत भक्कम पुरावा मिळाला आहे. आधार होता ओझा आणि सहकाऱ्यांचा ‘नेचर जिओसायन्स’मधील शोधनिबंध. मार्स रिकॉनिसन्स ऑर्बिटरवरच्याच क्रिझम या वर्णपटमापकाने, म्हणजे परावर्तित प्रकाशातील तरंगलांबी तपासून खनिजे ओळखणाऱ्या उपकरणाने, पालिकिर, हेल आणि हॉरोविट्झ ही तीन विवरे आणि व्हॅलिस मरिनेरिसमधील कोप्रेटस कॅझ्मा अशा चार जागी, रेषा सर्वांत ठळक असताना, पाणी धरून ठेवणाऱ्या क्षारांच्या खुणा टिपल्याचे त्यात म्हटले होते. मॅग्नेशियम परक्लोरेट, मॅग्नेशियम क्लोरेट आणि सोडियम परक्लोरेट ही त्या खुणांशी जुळणारी नावे होती.

शोधनिबंध आणि घोषणा यांत फरक होता, आणि तो नीट मांडणे न्यायाचे आहे. निबंधाने पाणी वाहताना पाहिल्याचा दावा केला नव्हता. सजल क्षारांची खूण दिसते आणि ती सध्याच्या पाण्याच्या क्रियेला जोरदार दुजोरा देते, एवढेच त्यात होते. नासाच्या निवेदनाच्या मथळ्यात मात्र ‘पुष्टी’ हा शब्द आला, आणि जगभरच्या वृत्तपत्रांतून वाचकांपर्यंत पोचली ती पुष्टीच. सार्वजनिक संस्थेने आपल्या शास्त्रज्ञांच्या वाक्यापेक्षा मोठे वाक्य बोलू नये, असे माझे ठाम मत आहे, कारण नंतरचे दुरुस्तीचे वाक्य तितक्या मोठ्या आवाजात कधीच ऐकू जात नाही.

तांत्रिक अडचण प्रमाणाची होती. क्रिझमचा एक पिक्सेल जमिनीवर सुमारे १८ मीटरचा होता आणि रेषा रुंदीला फार तर पाच मीटर. म्हणजे कोणत्याही एका पिक्सेलमध्ये रेषेचा वाटा थोडा आणि आजूबाजूच्या जमिनीचा जास्त असतो. खूण शोधायची ती या मिश्रणातून, तीही मोजक्या पिक्सेलांमधून, आणि जेमतेम गोंगाटाच्या पातळीवर.

२०१८ मध्ये कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील एलन लीस्क, बेथनी एलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या खुणेच्या मुळाशी हात घातला. क्रिझमच्या आकड्यांमधले सुटे, उंच टोक असलेले दोष काढून टाकण्यासाठी जी प्रक्रिया वापरली जाते, तिच्यातून १.९ आणि २.१ मायक्रोमीटर तरंगलांबीजवळ वर्णपटात खोटे खळगे तयार होऊ शकतात, असे त्यांनी दाखवले. परक्लोरेटच्या खुणेसाठी नेमक्या याच जागा पाहिल्या जातात. हे खोटे खळगे विशेषतः तिथे येतात जिथे उजेड आणि सावली एकमेकींना तीव्रपणे भिडतात. विवराच्या उभ्या भिंतीवर दुपारी तीन वाजता असा संगम पावलोपावली असतो. रेषा जिथे राहतात ती जागाच खोट्या खुणांना पोषक निघाली. मंगळावर परक्लोरेट नाही असे यातून मुळीच सिद्ध होत नाही, कारण फिनिक्सने ते मातीतच मोजले आहे. या उतारांवरचा कक्षेतून मिळालेला पुरावा तेवढा कोसळतो.

त्याआधी २०१६ मध्ये आणखी एक तपासणी झाली होती, जिची चर्चा तुलनेने कमी झाली. मार्स ओडिसी यानावरच्या उष्णतामापक कॅमेऱ्याने व्हॅलिस मरिनेरिसमधील गार्नी या विवराच्या रेषाळ भागाचे तापमान रेषा नसलेल्या शेजारच्या उताराशी ताडून पाहिले गेले. ओल्या मातीचे तापमान कोरड्या मातीसारखे चढत-उतरत नाही, पण गार्नीत फरक सापडला नाही. त्यावरून क्रिस्तोफर एडवर्ड्स आणि सिल्वां पिको यांनी काढलेली कमाल मर्यादा अशी होती की रेषांच्या मातीत वजनाच्या तीन टक्क्यांहून अधिक पाणी असू शकत नाही. इतके कमी पाणी मातीच्या कणांना चिकटून राहते. ते उतारावरून वाहत नाही.

रेषा कुठे थांबतात

निर्णायक काम नोव्हेंबर २०१७ मध्ये आले आणि त्यासाठी लागले ते साधे भूमापन. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या फ्लॅगस्टाफ केंद्रातील कॉलिन डंडस आणि सहकाऱ्यांनी, ज्यांत मॅकइवेनही सामील होते, हायराइजच्या दोन वेगवेगळ्या कोनांतून घेतलेल्या प्रतिमांच्या जोड्या वापरून उतारांचे त्रिमितीय नकाशे बनवले. अशा नकाशात साधारण दर मीटरला एक उंची मिळते. दहा जागांवरच्या १५१ रेषांचा माग त्यांनी या नकाशांवर वरपासून खालपर्यंत घेतला आणि प्रत्येक रेषा कोणत्या कोनाच्या उतारावर सुरू होते आणि कोणत्या कोनावर संपते, हे मोजले.

जवळजवळ सगळ्या रेषा २७ अंशांहून तीव्र उतारांवरच होत्या, आणि संपत होत्या त्या २८ ते ३५ अंशांच्या अरुंद पट्ट्यात. त्याहून सौम्य उतारावर एकही ठळक लांबी उतरत नव्हती.

या आकड्यांचे महत्त्व खळ्यावर धान्याची रास घालणाऱ्याला सांगावे लागणार नाही. सुपातून ज्वारी ओतत गेले की रास उंच होते, पण तिची बाजू एका ठरावीक कोनाहून उभी होत नाही. जास्तीचे दाणे घसरतात आणि त्या कोनाला पोचले की थांबतात. सुट्या, कोरड्या कणांच्या या कोनाला विरामकोन म्हणतात. मंगळावरच्या वाळूच्या टेकड्यांच्या ज्या बाजूंवरून वाळू घसरते, त्यांचे कोन याच पट्ट्यात मोजले गेले आहेत. ही तुलना मला विशेष पटते, कारण तिच्यात गुरुत्वाचा प्रश्नच उरत नाही. मंगळाचे गुरुत्व पृथ्वीच्या ३८ टक्के आहे आणि पृथ्वीवरचा कोन तिथे लागू होईल का, अशी शंका घेता आली असती. पण येथे मंगळाच्या रेषा मंगळाच्याच वाळूशी ताडल्या होत्या.

आता द्रवाचा विचार केला, तर तो या कोनावर का थांबावा याला कारण सापडत नाही. पाणी २० अंशांच्या उतारावरही वाहते, दहा अंशांच्याही, आणि पुरवठा संपला तरच थांबते. रेषा पाण्याच्या असत्या तर काही लवकर सुकल्या असत्या, काही सपाटीपर्यंत पोचल्या असत्या, आणि त्यांचा शेवट सर्व प्रकारच्या उतारांवर विखुरलेला दिसला असता. दहा वेगवेगळ्या जागी, वेगवेगळ्या अक्षांशांवर, वेगवेगळ्या खडकांवर सगळ्यांनी एकाच कोनावर दम टाकावा, हे द्रवाच्या हिशेबात बसत नाही.

त्याच मोजणीतून निघालेली दुसरी गोष्ट मला तितकीच भक्कम वाटते. जिथे तीव्र उतार लांब होता तिथे रेषा लांब होत्या, आणि जिथे तो आखूड होता तिथे रेषा आखूड. पाण्याचे गृहीतक वाचवायचे असेल तर असे मानावे लागेल की लांब उतारांच्याच माथ्यावर जास्त पाणी उपलब्ध असते आणि आखूड उतारांच्या माथ्यावर नेमके तेवढेच कमी. असा योगायोग जागोजाग घडणे संभवत नाही. कोरड्या कणांच्या बाबतीत मात्र उताराची लांबी हीच रेषेच्या लांबीची सीमा ठरते, आणि वेगळे काही गृहीत धरावे लागत नाही.

उतारांच्या कोनांचे हे मापन २०११ मध्येही करता आले असते, असे म्हणणे सोपे आहे पण पूर्ण खरे नाही. त्रिमितीय नकाशांसाठी प्रत्येक जागेच्या योग्य कोनांतल्या जोडप्रतिमा लागतात, त्या मिळायला वर्षे जातात, आणि त्यांवर प्रक्रिया करणे कष्टाचे असते. तरीही २०११ च्या वर्णनातच रेषा २५ अंशांहून तीव्र उतारांवर येतात ही नोंद होती. ती नोंद रेषांचा पत्ता म्हणून वाचली गेली; तिच्यात रेषांचे कारण दडलेले असू शकते, हा विचार मागे पडला. ऋतू आणि तापमान यांचे आकर्षण मोठे असते, कारण त्यांतून पाण्याकडे आणि पाण्यातून जीवसृष्टीच्या प्रश्नाकडे वाट जाते. उताराचा कोन अशी कोणतीही वाट उघडत नाही.

ऋतूचा उलगडा

कोरड्या वाळूने कोन समजावला, पण दरवर्षी परत येणे, सावकाश लांबणे आणि थंडीत फिकट होणे हे प्रश्न तसेच राहिले. येथे एक बाब ध्यानात घेणे आवश्यक आहे. मंगळ सूर्याच्या सर्वांत जवळ येतो तो दक्षिण गोलार्धाच्या वसंताच्या अखेरीस, त्यामुळे दक्षिणेचा उन्हाळा उत्तरेच्या उन्हाळ्यापेक्षा छोटा आणि तीव्र असतो. आणि हाच काळ मंगळावरच्या धुळीच्या वादळांचाही असतो. उष्णतेचा ऋतू आणि धुळीचा ऋतू एकच. रेषा उष्णतेबरोबर येतात असे दिसत असताना त्या धुळीबरोबर येतात असेही तितक्याच अचूकपणे म्हणता आले असते, पण धुळीकडे बराच काळ फारसे लक्ष गेले नाही.

२०१८ च्या मध्यावर संपूर्ण ग्रहाला वेढणारे धुळीचे वादळ उठले, ज्याने ऑपर्च्युनिटी या बग्गीचा शेवट केला. त्या वादळानंतर हायराइजला नेहमीपेक्षा कितीतरी अधिक रेषा दिसल्या, अशा जागीही जिथे आधी क्वचित दिसत. मॅकइवेन यांच्या गटाने २०२१ मध्ये हे प्रसिद्ध केले आणि रेषांच्या हालचालीचा संबंध धुळीशी जोडला. उतारावर साचलेली फिकट, बारीक धूळ घसरणाऱ्या कणांबरोबर किंवा वाऱ्याने हलली की खालचा काळा थर उघडा पडतो, आणि पुन्हा धूळ बसली की रेषा पुसली जाते, अशी ही मांडणी आहे. दहा वर्षांपूर्वी ज्यांनी पाण्याकडे बोट दाखवले होते, त्याच गटाने धुळीचा हा पुरावा पुढे आणला याची नोंद येथे आदराने करावीशी वाटते.

घसरण सुरू कशाने होते याबद्दल अजून एकमत नाही. २०१७ मध्ये फ्रेडरिक श्मिट आणि सहकाऱ्यांनी सुचवले की दुपारच्या उन्हात वरचा थर तापला आणि शिळेची सावली त्यावर पडली, की विरळ हवेत कणांमधल्या पोकळ्यांतून वायू वर ओढला जातो आणि त्या जोराने वाळू थोडी हलकी होऊन घसरते. ही क्रिया मंगळासारख्या कमी दाबाच्या ग्रहावरच परिणामकारक असते, म्हणून पृथ्वीवरच्या अनुभवातून ती सुचणे अवघड होते. कणांचा साठा दरवर्षी माथ्यावर कसा भरतो, हा या सगळ्यांतला सर्वांत नाजूक दुवा आहे.

व्यवहारातले परिणाम

या वादाचे परिणाम कागदापुरते नव्हते. अवकाश संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या, म्हणजे कोस्पारच्या, नियमांनुसार मंगळावरच्या ज्या जागी पृथ्वीवरचे सूक्ष्मजीव तग धरू शकतील त्यांना ‘विशेष प्रदेश’ म्हटले जाते आणि तिथे जाणारे यान कडक निर्जंतुक असावे लागते. २०१२ मध्ये गेल विवरात उतरलेली क्युरिऑसिटी बग्गी त्या पातळीला निर्जंतुक केलेली नव्हती, आणि तिच्या मार्गावरच्या माउंट शार्प या डोंगराच्या उतारांवर रेषांसारख्या खुणा दिसल्यावर ती त्यांच्या किती जवळ जाऊ शकेल, यावर गंभीर चर्चा झाली. रेषा कोरड्या असतील तर ते बंधन सैल होते. त्याच वेळी भावी मानवी मोहिमांसाठी पाण्याचा जवळचा साठा म्हणून या उतारांकडे पाहण्याची कल्पनाही मागे पडते.

सध्याची स्थिती

२०२५ मध्ये व्हॅलेंटिन बिकेल आणि अदोमास व्हॅलांटिनास यांनी ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये यंत्रशिक्षणाच्या साहाय्याने ८६ हजारांहून अधिक प्रतिमा चाळून उतारांवरच्या सुमारे पाच लाख पट्ट्यांची जागतिक सूची मांडली. त्यात मुख्यतः धुळीच्या प्रदेशांतले जुने, मोठे पट्टे होते, जे व्हायकिंग यानांच्या काळापासून माहीत आहेत, पण आवर्ती रेषांचाही विचार केला होता. उताराची दिशा, तापमान आणि आर्द्रता यांच्याशी त्यांचा संबंध जुळला नाही. वारा आणि धूळ बसण्याचा वेग यांच्याशी जुळला. मोजक्या जागांचे बारकाईने मापन आणि संपूर्ण ग्रहाची सांख्यिकी अशा दोन अगदी वेगळ्या रस्त्यांनी कोरड्या स्पष्टीकरणाला बळ मिळाले आहे, आणि त्यामुळे ते आज जास्त विश्वासार्ह वाटते.

दुपारी तीनच्या मर्यादेवर थोडे काम झाले आहे. युरोपीय ट्रेस गॅस ऑर्बिटर या यानाची कक्षा सूर्याशी बांधलेली नाही, त्यामुळे त्याचा कॅसिस हा कॅमेरा एकच जागा वेगवेगळ्या प्रहरी पाहू शकतो, जरी त्याचा पिक्सेल साडेचार मीटरहून थोडा मोठा असल्याने फक्त रुंद रेषा आणि त्यांचे पुंजकेच त्याला कळतात. हेल विवरातल्या रेषांची सकाळची प्रतिमा आणि हायराइजची दुपारची प्रतिमा ताडली असता रेषा आणि शेजारची जमीन यांच्या उजळपणातला फरक दोन्ही वेळी सारखाच निघाला. रात्रीच्या ओलाव्याने काळी पडलेली माती दुपारपर्यंत सुकून उजळली असती. हेलमध्ये तसे झाले नाही. पालिकिरसह उरलेल्या जागांवर प्रहराप्रहराने घेतलेल्या, हायराइजच्या तोडीच्या प्रतिमांची मालिका अजून व्हायची आहे, आणि कण माथ्यावर कसे परततात याचे उत्तर अशाच मालिकेतून मिळण्याची शक्यता सर्वांत जास्त आहे.